१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या नेमकी कोणत्या कुळातली?

प्रश्न अकरावीतल्या एका मुलीचा आहे. तिने लिहिलंय: "१११११११११ ला त्याच संख्येने गुणलं की १२३४५६७८९८७६५४३२१ येतं असं वाचलं. स्प्रेडशीटमध्ये करून पाहिलं तर शेवटी ३०० आलं, ब्राउझरमध्ये केलं तर ३२० आलं. खरं उत्तर कोणतं? आणि ही संख्या परिपूर्ण, हर्षद, कापरेकर, स्वयंभू यांपैकी कशात बसते? की नुसती दिसायलाच सुंदर आहे?"

मी बरीच वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि अजूनही ऑलिंपियाडच्या मुलांबरोबर बसतो. असा प्रश्न आला की मला मनापासून आनंद होतो, कारण उत्तर जुळलं नाही म्हणून ही मुलगी थांबली नाही, तिने पुढे विचारलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो. कागद-पेन्सिल घेऊनच वाच.

आधी यंत्रांचं बघू. खरं उत्तर शेवटी ३२१ असलेलंच. स्प्रेडशीट पहिले पंधरा अंक सांभाळते आणि पुढे शून्यं भरते, म्हणून तुला ३०० दिसलं. ब्राउझर संख्या द्विमान पद्धतीत ५३ बिटांत ठेवतो. ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच्या सगळ्या पूर्ण संख्या त्यात नेमक्या मावतात. त्याच्या पुढे काही अंतरापर्यंत फक्त सम संख्याच मावतात. आपली संख्या त्याहून मोठी आणि विषम, म्हणून ती शेजारच्या ३२० वर जाऊन बसली. सतरा अंकी संख्येवर काम करताना पायथॉनसारखी भाषा वापर, तिथे पूर्ण संख्येला अंकांची मर्यादा नाही. पण खाली जे आहे त्यातलं बहुतेक सगळं हातानेही होतं, आणि हाताने करण्यातच त्याची गोडी आहे.

आता ही संख्या वाचायची कशी? आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. भास्कराचार्यांनी लीलावतीत एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. आपल्या संख्येला त्यातली सतरा लागतात. १ मध्य, २ अंत्य, ३ जलधि, ४ शंकु, ५ महापद्म, ६ निखर्व, ७ खर्व, ८ अब्ज, ९ अर्बुद, ८ कोटी, ७ प्रयुत, ६ लक्ष, ५ अयुत, ४ सहस्र, ३ शत, २ दश, १ एक. एकदा मोठ्याने वाचून बघ. अर्बुदाच्या शिखरावर चढून पलीकडे उतरल्यासारखं वाटतं.

हा डोंगर तयार होतो तो साध्या गुणाकारातून. १११११११११ च्या खाली तीच संख्या मांडून गुण. प्रत्येक ओळ तीच, फक्त एकेक घर डावीकडे सरकलेली, अशा नऊ ओळी. उजव्या टोकाच्या उभ्या रांगेत एकच १, पुढच्या रांगेत दोन, मधल्या रांगेत नऊ, आणि मग पुन्हा कमी. कुठल्याही रांगेची बेरीज ९ च्या पुढे जात नाही, म्हणून कुठेच हातचा येत नाही. सगळं रहस्य एवढंच. दहा एक घेतले की मधल्या रांगेत १० होतात. तिथे ० राहून हातचा १ डावीकडच्या ९ ला मिळतो, त्याचेही १० होतात, तो हातचा पुढच्या ८ ला मिळून ८ चे ९ होतात. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवर ८ गायब, डोंगर मोडला. हा गायब झालेला ८ लक्षात ठेव, पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

म्हणजे डोंगराची ही शोभा दशमान पद्धतीची आहे. पाया ८ घेतलास, म्हणजे दहा-दहाऐवजी आठ-आठचे गट करून संख्या लिहिल्यास, तर सात एकांचा वर्ग त्या पद्धतीत १२३४५६७६५४३२१ असाच दिसतो. पाया ३ घेतलास तर ११ चा वर्ग १२१. प्रत्येक पायाचा आपापला डोंगर असतो. मोठ्या संख्येचं वर्गीकरण करताना मी मुलांना पहिला प्रश्न हाच विचारायला लावतो: हा गुण संख्येच्या अंगचा, की तिच्या अंगावरच्या कपड्यांचा? मूळ की संयुक्त, वर्ग आहे का, विभाजक किती, परिपूर्ण आहे का, हे गुण अंगचे. संख्या रोमन अंकांत लिहा नाहीतर खडे मांडून दाखवा, ते बदलत नाहीत. उलटसुलट सारखी दिसणं, अंकांची बेरीज, हर्षद, कापरेकर, स्वयंभू हे सगळं कपड्यांचं. मी कपड्यांना कमी लेखत नाही. या संख्येत तर कपड्यांवरूनच अंग ओळखता येतं, ते दाखवतोच.

१, १२१, १२३२१ या माळेला नाव आहे डेम्लो संख्या. ते दिलं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. जन्म १९०५ चा, डहाणूचा. फर्ग्युसनमध्ये शिकले आणि आयुष्यभर देवळालीला शाळामास्तर राहिले. जुन्या जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून तीसेक मैलांवर डेम्लो नावाचं स्टेशन होतं, तिथे त्यांना या संख्यांची कल्पना सुचली. तेच आजचं डोंबिवली. रोज त्या फलाटावर लोकलची वाट पाहणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल! पीएच.डी. नाही, विद्यापीठातली जागा नाही, आणि तरी १९७५ साली गणितावर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरने सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला देवळाली कळली.

पण माळ त्याहून खूप जुनी आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, इ.स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह लिहिला. ज्या घराण्याने वेरूळचं कैलास लेणं खोदवलं, तेच हे राष्ट्रकूट. त्या ग्रंथात गळ्यातल्या हारासारख्या दिसणाऱ्या संख्यांचे गुणाकार आहेत. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणलं की १२३४५६५४३२१ येतं, हा त्यांतला एक. एकापासून सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमाने उतरणारी, असंच त्या संख्येचं वर्णन आहे. आपल्या डोंगराचा हा धाकटा भाऊ, सहा एकांचा वर्ग. त्याच ग्रंथात १२३४५६७९ गुणिले ९ बरोबर १११११११११ हाही हार आहे. म्हणजे आपल्याला लागणारी किल्ली साडेअकराशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेली आहे.

ती किल्ली लावू. १११११११११ चे मूळ अवयव काढायचे आहेत. अंकांची बेरीज ९, म्हणून ९ ने भाग जातो, उरतं १२३४५६७९. बघ, इथेही ८ नाही. कारण तेच. १ भागिले ८१ चं दशांश रूप ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असं चालतं. त्याच्या मुळाशी १, २, ३ … ८, ९, १० अशी रांग असते आणि १० चा हातचा मागे सरकून ८ ला गिळतो.

आता १२३४५६७९ च्या अंकांची बेरीज कर. ३७ येते. ३७ ने भाग देऊन बघ: नेमका ३३३६६७, बाकी शून्य. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो ती हर्षद, म्हणजे हर्ष देणारी. हे नावही कापरेकरांचंच. तर १११११११११ हर्षद, तिचा भागाकारही हर्षद, आणि या दोन पायऱ्यांतच सगळे अवयव हातात आले: ३, ३, ३७ आणि ३३३६६७. दर वेळी असं होत नाही, म्हणूनच मला हे फार आवडतं. फळ्यावर हे करताना वर्गात जी शांतता होते ती मी अनेकदा अनुभवली आहे.

पुढे ३३३६६७ वर मात्र घाई करू नको. अंकांची बेरीज २८, साखळी तुटली. पण ही संख्या मूळ आहे हे सिद्ध कसं करायचं? सरळ मार्ग म्हणजे ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भाग देऊन बघणं. त्या १०६ आहेत. त्यापेक्षा थोडा विचार कर. ३३३६६७ ला भागणारी मूळ संख्या ९९९९९९९९९ लाही भागते, म्हणजे १० चा नववा घात तिने भागल्यावर १ उरतो. त्याआधीच, पहिल्या किंवा तिसऱ्या घाताला, १ उरत असेल तर तिने ९९९ ला भागलं पाहिजे, म्हणजे ती ३ किंवा ३७ असली पाहिजे. ३ ने भाग जात नाही, आणि ३७ ने भागल्यावर १ उरतो. तेव्हा १ पहिल्यांदा येतो तो नवव्या घातालाच. मग फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार त्या मूळ संख्येतून १ वजा केला की ९ ने भाग गेलाच पाहिजे. ती विषमही आहे, म्हणून १८ ने. आता तपासायला उरतात १९, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१ आणि ५७७. एकशेसहाच्या जागी सोळा. एकानेही भाग जात नाही, हे स्वतः करून बघ. अर्ध्या तासाचं काम आहे आणि त्या अर्ध्या तासात जे समजेल ते कुठलंही यंत्र तुला देणार नाही.

तर आपली संख्या म्हणजे ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार. आता वर्गीकरण झरझर होतं. विषम, संयुक्त, पूर्ण वर्ग. घन नाही, कारण घातांक ४, २, २ आहेत आणि त्यांतल्या एकालाही ३ ने भाग जात नाही. चौथा घातही नाही. विभाजक ५ गुणिले ३ गुणिले ३, म्हणजे ४५. विषम आकडा आला, आणि तो वर्गाच्याच बाबतीत येतो. त्रिकोणी संख्या आहे का? नाही. एकाच वेळी वर्ग आणि त्रिकोणी असणाऱ्या संख्या फार विरळ आहेत. १, ३६, १२२५, ४१६१६ अशा त्या जातात, आणि आपल्या संख्येच्या अलीकडची आहे २१७२६०२००७७७००४१, पलीकडची थेट ७३८०४५१२८३२४१९६००.

तू परिपूर्णचं विचारलंस. शब्दांचा गोंधळ आधी टाळू. शाळेच्या पुस्तकात पूर्ण संख्या म्हणजे ०, १, २, ३ अशा सगळ्याच. परिपूर्ण म्हणजे जिच्या स्वतःखेरीजच्या विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच येते ती, जशी ६ किंवा २८. आपल्या संख्येच्या सर्व विभाजकांची बेरीज तीन कंसांचा गुणाकार करून मिळते. पहिला कंस १ + ३ + ९ + २७ + ८१ म्हणजे १२१. दुसरा १ + ३७ + १३६९ म्हणजे १४०७. तिसऱ्यात ३३३६६७ चा वर्ग लागतो, तो १११३३३६६६८८९ (हाही बघण्यासारखा), आणि तो कंस होतो १११३३४०००५५७. गुणाकार १८९५४२७९५९२८२७५७९. त्यातून संख्या स्वतः वजा केली की उरतात ६६०८६००६०५१७३२५८, म्हणजे संख्येच्या जेमतेम निम्म्याहून थोडं जास्त. ही न्यून संख्या.

खरं तर एवढी आकडेमोड न करताही परिपूर्ण नाही हे सांगता आलं असतं. वर्गसंख्येत प्रत्येक मूळ अवयवाचा घातांक सम असतो, म्हणून अशा प्रत्येक कंसात पदं विषम संख्येने असतात आणि कंसाची बेरीज विषम येते. अवयव २ असला तरी १ + २ + ४ + … विषमच. सगळे कंस विषम, तर गुणाकार विषम. परिपूर्ण संख्येत मात्र ही बेरीज संख्येच्या दुप्पट, म्हणजे सम, असायला हवी. तेव्हा कुठलीही वर्गसंख्या परिपूर्ण असूच शकत नाही. एका संख्येबद्दल विचारलंस आणि साऱ्या वर्गांबद्दलचं प्रमेय मिळालं.

आणखी एक गोष्ट अंगची, पण कपड्यांतही उतरलेली. मूळ अवयवांत ३७ आहे, आणि ३५, १२, ३७ हे पायथागोरसचं त्रिकूट आहे. तिघांनाही ३००३००३ ने गुण. १०५१०५१०५ चा वर्ग अधिक ३६०३६०३६ चा वर्ग बरोबर १११११११११ चा वर्ग. आपला डोंगर म्हणजे अशा काटकोन त्रिकोणाच्या कर्णावरचा चौरस. ३ आणि ३३३६६७ या दोघांना ४ ने भागल्यावर ३ उरतात, त्यामुळे त्यांच्याकडून नवं त्रिकूट मिळत नाही. दोन शून्येतर वर्गांच्या बेरजेत मांडायची ही एकच रीत.

हर्षद आहे का? अंकांची बेरीज ८१, आणि अवयवांत ३ चा चौथा घात म्हणजे ८१ आहेच. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग. त्याच्या अंकांची बेरीज ६४, संख्या विषम, तेव्हा इथे साखळी लगेच थांबते. एक ओळ वहीत लिहून ठेव: १२३४५६७८९८७६५४३२१ ला (१ + २ + … + ९ + … + २ + १) ने गुणलं की ९९९९९९९९९ चा वर्ग येतो.

कापरेकर संख्या म्हणजे जिच्या वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केली की तीच संख्या परत मिळते. ४५ चा वर्ग २०२५, २० अधिक २५ बरोबर ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, ८८ अधिक २०९ बरोबर २९७. आपल्या डोंगराचे तुकडे १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१. बेरीज येते ९९९९९९९९९! म्हणजे १११११११११ ही कापरेकर संख्या नाही, कारण बेरीज तिच्या नऊपट आली, पण ज्या संख्येवर आली ती नवांची संख्या स्वतः कापरेकर संख्या आहे. ९ चा वर्ग ८१, ९९ चा ९८०१, सगळे नऊ असलेल्या संख्यांचं घराणंच तसं.

आणि डोंगर स्वतः? त्याच्या वर्गाचे उजवीकडचे १७ अंक तोडून बेरीज करायची. ती जुळण्यासाठी संख्या आणि संख्या वजा १ यांच्या गुणाकाराला सतरा नवांनी, आणि म्हणून सतरा एकांनी, भाग जायला हवा. सतरा एकांची संख्या आणि आपली संख्या सहमूळ आहेत. ३ ने भाग जात नाही कारण अंकांची बेरीज १७. ३७ ने भागल्यावर ११ उरतात. ३३३६६७ ने भाग जायचा तर तो आठ एकांनाही जायला हवा, आणि नऊ एक म्हणजे आठ एकांची दसपट अधिक १, तेव्हा ते अशक्य. मग सतरा एकांनी १२३४५६७८९८७६५४३२० ला भाग जायला हवा. पण ही संख्या सतरा एकांपेक्षा मोठी आणि त्यांच्या दुपटीपेक्षा लहान आहे. भाग जात नाही. कापरेकर संख्या नाही.

राहिली स्वयंभू. कुठलीही संख्या घे, तिच्यात तिच्या अंकांची बेरीज मिळव. २१ पासून २४ होते, तेव्हा २१ ही २४ ची जनक. काही संख्यांना दोन जनक असतात: ९१ पासूनही १०१ आणि १०० पासूनही १०१. आणि २०, ३१, ४२ अशा काहींना जनकच नसतो. कापरेकरांनी त्यांना स्वयंभू म्हटलं. त्यांना देवळाली संख्या असंही म्हणतात.

आपल्या संख्येचा जनक शोधू. मिळवायची बेरीज जास्तीत जास्त १५३, म्हणून फक्त शेवटचे तीन अंक बदलणार. सुरुवातीचे चौदा अंक १२३४५६७८९८७६५४ तसेच राहणार, त्यांची बेरीज ७५. शिवाय ९ च्या हिशोबाने जनकाच्या अंकांची बेरीज ९ च्या पटीतच हवी. तेव्हा ८१, ९०, ९९ असं १५३ पर्यंत तपासायचं, नऊच शक्यता. ८१ घे: ३२१ वजा ८१ म्हणजे २४०, अंक ६, ७५ अधिक ६ बरोबर ८१. जुळलं! ९० घे: २३१, पुन्हा ६, बेरीज ८१, ९० नाही. पुढची सगळी ८१ किंवा ९० वरच अडकतात. म्हणजे डोंगराला एकच जनक आहे, १२३४५६७८९८७६५४२४०, आणि डोंगर स्वयंभू नाही.

इथे मी एक पाऊल मागे गेलो, आणि तूही जा. या जनकाचा जनक कोण? तीच रीत, आता ३२१ च्या जागी २४०. ८१ घेतले तर १५९, अंक १५, बेरीज ९०, चूक. ९० घेतले तर १५०, बेरीज ८१, चूक. ९९, १०८, ११७, १२६ आणि १३५ सगळे ८१ देतात. १४४ आणि १५३ देतात ९०. एकही जुळत नाही. १२३४५६७८९८७६५४२४० ला जनक नाही, ती स्वयंभू आहे, आणि तिच्यात तिचे ८१ मिळवले की एका पावलात डोंगर उभा राहतो.